दारातलं पिंप

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर मी ओरडतो असं तुला वाटतं आणि तू पुटपुटतेस असं मला वाटतं, त्यापेक्षा आपलं हे कागदावरचंच बरं. गुडघ्याला तेल लावतेस का? नसशीलच लावत. भाऊजींना नमस्कार सांग, आणि तुझ्यावर लक्ष ठेवायलाही सांग.

इकडे आमच्या गल्लीला आरोग्याचं खूळ लागलंय. समोरच्या माडीवर राहते ती नर्सबाई आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला, हे दोघे म्होरके. आधी त्यांनी सगळ्यांना हाताशी धरून कोपऱ्यावरचा उकिरडा हलवला. मग म्हाताऱ्यांना टेकायला दोन बाकं आणली. इथवर ठीक होतं. आता वही घेऊन दारोदार फिरतात आणि कुणाला जुलाब, कुणाला ताप, कुणाला उलट्या, सगळं लिहून घेतात. गेल्या सात-आठ महिन्यांत गल्लीत आजारपण वाढलंय म्हणे. परवा माझ्याकडे आले. पोट कसं आहे, दिवसातून किती वेळा जावं लागतं, असं मला, सदुसष्ट वर्षांच्या माणसाला, उंबऱ्यात उभं करून विचारलं! मी सांगितलं की एवढी चौकशी माझ्या आईनेही कधी केली नव्हती.

मग हळूच गाडी पाण्यावर आली. पाणी कुठून येतं, टाकी बघू का, तुमच्या मागच्या भिंतीलगतचं गटार तुंबलंय ते सगळे मिळून उपसू का. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. उकिरडा काढायला निघालेल्या माणसांना माझ्या टाकीशी काय करायचंय? तुला माहीत आहे, रिटायर झालो त्या वर्षी मागच्या जुन्या मोठ्या पाइपावर मी स्वतःच्या हाताने जॉइंट मारून घेतला. गल्लीत पाणी येवो न येवो, माझी टाकी भरते. कागदोपत्री तो जॉइंट नाही, हे खरं. पण एकतीस वर्षं पाणीखात्यात फिटर होतो, माझा एकही जॉइंट कधी गळला नाही. उद्या कुणा अडाण्याने गटारात फावडं मारलं म्हणजे? की खात्याला कळवायचा डाव आहे? मी टाकीला कुलूप लावून टाकलंय. घरात कुणी आजारी नाही असं लिहून घ्या म्हटलं आणि दार लोटलं. (माझं पोट दोन दिवस बिघडलं होतं, पण ते बेकरीच्या पावामुळे. ते कशाला त्यांना लिहून द्यायचं?)

बाकी दारातलं पिंप चालू आहे. ही गेली त्याला आता दहा महिने होतील, पण एक दिवस पिंप रिकामं राहिलेलं नाही. तिने मांडलं होतं तसंच, तोटी रस्त्याकडे, पेला साखळीला. सकाळी टाकीतून बादल्या भरतो आणि ओततो. आजूबाजूची घरं प्यायला तिथलंच नेतात, कारण त्यांच्या नळाचा काही भरवसा नसतो. आणि आमचा घड्याळजी! दुपारी दुकान बंद करून बुद्धिबळाला आला की आधी तीन पेले रिचवतो, मग प्यादं हलवतो. त्याचं म्हणणं, या पाण्याला अजून वहिनींच्या हाताची चव आहे. ऐकून बरं वाटतं गं. तिच्या मागे तिचं एवढं तरी माझ्या हातून चालू आहे.

गॅस मात्र आता पुरून उरतो. ही होती तेव्हा उजाडल्यापासून दोन्ही शेगड्यांवर मोठाली पातेली, काय तापवत बसायची देव जाणे. मी बोलायचो. आता बोलायलाही कुणी नाही.

लोभ आहे तो तसाच ठेव, उपदेश थोडा कमी केलास तरी चालेल.

तुझा,
धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मी हसले आणि मग काळजीत पडले. तुला संशय आला नाही असा माणूस या पृथ्वीवर आहे का रे? पोस्टमन आपली पत्रं वाचतो असं तुला लहानपणी वाटायचं, म्हणून पाकिटावर तू चारी बाजूंनी डिंक फासायचास आणि मग ते उघडताना पत्र फाटायचं. माझ्या लग्नात यांचे दात खोटे आहेत असं तुझ्या डोक्यात आलं आणि तू मुद्दाम यांच्यापुढे सालासकट अक्रोड ठेवलेस. ते दात आजही शाबूत आहेत, असं हे तुला कळवायला सांगतात.

अरे, चार माणसं एकत्र येऊन उकिरडा काढतात, म्हाताऱ्यांना बाकं आणतात, यात डाव कसला? आमच्या इथे कुणी शेजारच्या घरात मेलं तरी दारावरच्या बेलचा आवाज नको म्हणतात. त्या नर्सबाईला घरात घे, टाकी दाखव, तिचं काय जातं आणि तुझं काय जातं?

आणि कंसात लिहिलेलं मी सगळ्यात आधी वाचते, हे लक्षात ठेव. पोट दोनच दिवस बिघडलं होतं की अजून आहे? खरं लिही. पावाच्या माथी मारू नकोस.

एक विचारायचंय. पिंपात पाणी भरण्याआधी वहिनी जे करायची ते तूही करतोस ना? नीट आठवून लिही. मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही, वहिनीला शब्द दिला होता. पण उत्तर नक्की पाठव.

आशीर्वाद कायमचेच आहेत. डोकं थंड ठेवून जेवत जा.

तुझी,
ताई


ता. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण इथे रामायण चाललंय. तुझ्या प्रश्नाचं आधी सांगतो. हो, सगळं तिच्यासारखंच करतो. पिंप रोज घासतो, तिच्याहून लख्ख. पेलाही घासतो. शब्दबिब्द कसला दिला होतास? बायकांची गुपितं बायकांपाशीच राहू देत.

आता ऐक. या आरोग्यवाल्यांच्या बैठका बेकरीच्या मागच्या खोलीत भरतात. भिंतीवर एक मोठा कागद लावलाय असं कानावर आलं. मी पाव घ्यायच्या निमित्ताने गेलो. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही, तरी त्या दिवशी जमवलं. बेकरीवाला भट्टीत वाकला तसा मी आत शिरलो. ताई, आख्ख्या गल्लीचा नकाशा! प्रत्येक घराचा चौकोन, आणि आजारी घरावर लाल ठिपका. मी मोजले. अकरा ठिपके. आणि कुठे असतील? माझ्या घराला वेढा घातल्यासारखे चहूबाजूंनी! डावीकडची शिवणवाली, उजवीकडचे मास्तर, समोरची तिन्ही बिऱ्हाडं, घड्याळजी. मधोमध माझं घर कोरं, पांढरं, आणि त्यावर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे सार्वजनिक नळ आहे, तिथे एकही ठिपका नाही. म्हणजे आजार सुद्धा माणसं ओळखून येतो की काय? नर्सबाई आली, मला पाहिलं आणि बोलता बोलता थांबली. बेकरीवाल्याने मला उगाच एक पाव जास्त दिला. पाव फुकट मिळाला की समजावं, कुठेतरी काहीतरी शिजतंय.

माझा हिशेब साधा आहे. बेकरीवाला हल्ली पाण्याच्या बाटल्या विकायला ठेवतो. माझं पिंप दारात असेपर्यंत त्याच्या बाटल्या कोण घेणार? म्हणून हे ठिपके. पाण्यावर शंका आणायची, पिंप उठवायचं, जॉइंट तोडायचा. मी खात्यात असे मासले पुष्कळ पाहिले आहेत.

दुःखाची बातमी शेवटी लिहितो. घड्याळजीला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. सात दिवस दवाखान्यात आहे, वय झालेलं, डॉक्टर धड काही सांगत नाहीत. त्याची सून म्हणाली की तीन दिवस त्याने आम्हा कुणालाच ओळखलं नाही. दवाखान्याच्या पाण्याचा मला भरवसा नाही, म्हणून मी पिंपातल्या पाण्याची मोठी बाटली भरून नेली. म्हटलं, ओळखीची चव लागली तर बरं वाटेल. वॉर्डाच्या दाराशी तीच नर्सबाई ड्युटीवर. माझ्या हातातून बाटली काढून घेतली आणि परत देईना! चार माणसांत मी तिला वाट्टेल ते बोललो. ती बाटली छातीशी धरून उभी राहिली. मित्राला घोटभर पाणी पाजू देत नाहीत, याला आरोग्य म्हणायचं?

ताई, घड्याळजी गेला तर माझ्यासमोर बसायला कुणी उरणार नाही. ही गेली तेव्हा तेरा दिवस तो रोज आला आणि एकही डाव न मांडता नुसता बसून राहिला. मला या विचाराची फार भीती वाटते.

पोट अधूनमधून बिघडतं. कंस न घालता लिहिलंय. तुझा लोभ असाच पाठीशी असला की या टोळीला मी पुरून उरेन.

तुझा,
धाकटा


ता. १ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे पत्र कुरियरने धाडतेय. हातात पडल्या पडल्या, पुढचं वाचायच्या आधी, दारात जा आणि पिंप उपडं कर. मग परत येऊन वाच.

केलंस? आता बस. खुर्चीतच बस.

वहिनी त्या पातेल्यांत पाणी उकळायची. पिंपात पडणारा थेंब न् थेंब ती वीस मिनिटं उकळून, रात्रभर निववून, मगच भरायची. तुला प्यायलाही तेच. आठ वर्षं, एक दिवस न चुकता. तू जॉइंट मारलास त्याच वर्षी गटाराला पाणी जास्त असलं की टाकीच्या पाण्याला तिला वास यायला लागला. तिने तुला एकदा सांगून पाहिलं होतं, की जॉइंट एकदा उघडून बघा. आठवतं का काय झालं? तू दोन दिवस जेवला नाहीस. माझ्या हातच्या कामावर माझ्याच घरात संशय, असं म्हणून रुसून बसलास. तिने पुन्हा विषय काढला नाही. मला मात्र लिहिलं, की ताई, यांचा जॉइंट गळत असेल असं म्हणणं म्हणजे यांची एकतीस वर्षं खोटी म्हणण्यासारखं आहे, ते माझ्याच्याने होणार नाही. त्यापेक्षा गॅस जळला तरी चालेल. आणि तुला कधी सांगणार नाही असा शब्द माझ्याकडून घेतला.

मी मागच्या पत्रात आडून विचारलं. तुला कळेल असं वाटलं. तू पिंप घासल्याचं लिहिलंस. चूक माझीही आहे, दिलेला शब्द मी वीस दिवस कवटाळून बसले.

आता ते अकरा ठिपके पुन्हा आठव. ती घरं कुणाच्या दारातलं पाणी पितात? ज्या टोकाला सार्वजनिक नळ आहे तिथे ठिपका का नाही? आजारपण सात-आठ महिन्यांपासून वाढलंय असं तूच लिहिलंस, आणि वहिनी जाऊन किती महिने झाले? काखेत कळसा आणि गावाला वळसा, धाकट्या.

मी तुला दोष देत नाही. तू तिच्या आठवणीसाठी रोज पिंप भरलंस, हे मला माहीत आहे, आणि तेच मला सहन होत नाहीये. घड्याळजींसाठी आम्ही दोघं रोज प्रार्थना करतो. त्या नर्सबाईला आता तरी दार उघड.

तुझ्यावरची माया तिळभरही कमी झालेली नाही, हे पत्राच्या शेवटी वाच आणि पुन्हा एकदा वाच.

ताई


ता. २ मार्च

ती. काकांस,
समोरच्या माडीवरून नर्सबाईचा सा. न. वि. वि.

दोनदा दार वाजवलं, तुम्ही उघडलं नाहीत, म्हणून चिठ्ठी आत सरकवते आहे. तुमची बाटली मी घेतली त्याबद्दल माफ करा. त्यातलं पाणी तपासायला पाठवलं होतं. अहवाल आला, पाण्यात मैला आहे. पिंपाचं पाणी कृपया कुणाला देऊ नका आणि स्वतःही पिऊ नका.

माझ्या मनात ही शंका पहिल्या आठवड्यापासून होती. बैठकीत मी ती उघड बोलले नाही. तुमच्या चौकोनावरचं प्रश्नचिन्ह माझं आहे, ते पुसून तिथे ठिपका द्यायला मला तुमचाच होकार हवा होता. मी या गल्लीत नवीन आले त्या पहिल्या दुपारी सामान उतरवताना काकूंनी मला हाक मारून तुमच्या दारातलं पाणी पाजलं होतं. त्या दाराबद्दल चारचौघांत असं बोलणं मला जमलं नाही. मी आधीच बोलायला हवं होतं, घड्याळकाका कदाचित आजारी पडले नसते. ते मी स्वतःला रोज ऐकवते.

त्यांनी आज सकाळी सुनेला ओळखलं. तुम्हाला हे आधी कळावं असं वाटलं.

तुमच्या आशीर्वादाच्या अपेक्षेत, आणि दार उघडण्याच्याही,
समोरची


ता. १४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तिची चिठ्ठी एकाच दिवशी वाचली. पिंप उपडं केलं तेव्हा शिवणवाली कळशी घेऊन पायरीवर उभी होती. तिला पाणी संपलं म्हणालो. आत येऊन दार लावलं. एक दिवस जेवलो नाही. यावेळी रुसून नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहार घेऊन मागच्या भिंतीशी गेलो. तुंबलेल्या गटारात गुडघाभर उतरलो, चिखल उपसला. जॉइंट सापडला. ताई, माझं बोट आत जाईल एवढी फट. पाणी बंद झालं की रिकामा पाइप आजूबाजूचं सगळं ओढून घेतो, हे मी खात्यात नव्या फिटरांना फळ्यावर चित्र काढून शिकवायचो. माझा जॉइंट नऊ वर्षं गटारात पडून होता आणि गटार उपसायला आलेल्या माणसांना मीच हाकलून दिलं. फावडं लागेल म्हणून.

तसाच, चिखलाच्या पायांनी, बेकरीच्या मागच्या खोलीत गेलो. बैठक चालू होती. सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना आवाज मोठा निघाला, तुला माहीत आहे, लाज वाटली की मी ओरडतो. मग नर्सबाईकडे लाल पेन मागितला. ती नको म्हणत होती. मी तिच्या हातातून घेतला, प्रश्नचिन्हावर ठिपका दिला. ठिपका चौकोनाबाहेर गेला.

शिवणवाली अजून माझ्याशी बोलत नाही. तिची मुलगी पंधरा दिवस अंथरुणात होती, आणि मी त्या काळात रोज सकाळी तिची कळशी स्वतः भरून देत होतो. तिचं बरोबर आहे. मास्तर बोलतात, पण जपून. खात्याला मी स्वतःच अर्ज दिला, जॉइंट माझा, विनापरवाना. ते काय करायचं ते करोत. पाइप त्यांनी कापून बंद केला आणि भिंतीमागचं गटार आम्ही सोळा माणसांनी मिळून एका सकाळी मोकळं केलं.

बेकरीवाल्याचं ऐक. ज्याच्यावर मी बाटल्यांचा आळ घेतला होता, त्याने पाव निघाल्यावर भट्टीचा विस्तव गल्लीला द्यायचं ठरवलंय. आता रोज सकाळी सार्वजनिक नळाचं पाणी त्याच्या भट्टीवर मोठ्या पातेल्यांत उकळतं, पाळीपाळीने एकेक घर राखण करतं आणि निवलं की ज्याचं त्याने न्यायचं. पहिला आठवडा मी मागून घेतला. त्या बाटल्या त्याने कशासाठी ठेवल्या होत्या हेही मी विचारलं. आजारी घरांना तो फुकटच देत होता. मला दिल्या नव्हत्या, कारण माझ्या घरात कुणी आजारी नव्हतं. तसं मीच लिहून दिलं होतं.

घड्याळजी घरी आला. अर्धा झालाय, डोळे अजून पिवळट आहेत. मी गेलो आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला की बावीस वर्षांत बुद्धिबळात त्याला हरवता आलं नाही म्हणून मी हा मार्ग धरला काय. मी तिथे ढसाढसा रडलो. त्याची सून घाबरून चहा घेऊन आली. नंतर तो म्हणाला की पाण्याला वहिनींच्या हाताची चव आहे असं तो मला बरं वाटावं म्हणून म्हणायचा. गेल्या काही महिन्यांत ती चव गेली होती, हे त्याला कळत होतं. तरी प्यायचा, मला वाईट वाटू नये म्हणून.

जन्मभर मी पोस्टमनपासून भाऊजींपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. माझ्यावर संशय घेणारं एकच माणूस होतं आणि ते माझ्याच घरात होतं. तिने तो मला कळू दिला नाही. उलट मीच तिला रोज ऐकवत राहिलो, की गॅस जाळतेस म्हणून.

काल भट्टीवरचं पातेलं उतरवताना फडकं घसरलं आणि उजव्या हाताची दोन बोटं पोळली. नर्सबाईने मलम लावून दिलं. ती विचारत होती की फार दुखतंय का. मी बोटांकडे बघत होतो. ताई, तुझ्या वहिनीच्या याच दोन बोटांवर असे तपकिरी डाग कायम असायचे. आठ वर्षं ते हात मला वाढत होते. मी, सगळ्या जगाची चौकशी करणारा, तिला एकदाही विचारलं नाही, की हे कशाने गं.

पिंप घासून दारात पुन्हा ठेवलंय. अजून रिकामं आहे. शिवणवालीने कळशी आणली तरच भरणार आहे.

तुझ्या मायेवर मी आता शंका घेणार नाही, एवढं पत्राच्या शेवटी लिहितो. तुझं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

तुझा,
धाकटा